बाबांचा चेहरा

मी दर शनिवारी चिनी शाळेत जायचे, हे सांगितलं की आजही लोक हसतात. नागपूरच्या बौद्ध घरातली मुलगी, राहायला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, आणि शनिवारी सकाळी मान खाली घालून चिनी अक्षरं गिरवतेय. त्यात माझी हौस मुळीच नव्हती. आई फार्मासिस्ट होती आणि शनिवारी तिची दुकानात ड्युटी असायची. मराठीचा वर्ग लांब भरायचा, तोही रविवारी. आणि शेजारचे हान अंकल एकदा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता बाबांना म्हणाले, की आमच्या शनिवारच्या शाळेत पहिला धडा असतो तो आईवडिलांचा मान राखण्याचा. कन्फ्यूशियसच्या काळापासून आमच्याकडे तेच पहिलं शिकवतात. बाबांनी हातातलं फावडं बर्फात खोचलं आणि विचारलं, “म्हणजे सिलॅबसमध्येच आहे?” हान अंकल म्हणाले, सिलॅबसमध्येच आहे. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या मुलीच्या, मेईच्या शेजारी बाकावर बसलेली होते.

संध्याकाळी आईला कळलं तेव्हा ती कुकरचं झाकण लावता लावता म्हणाली, “आज्ञाधारक पोरगी पाहिजे होती तर दुसऱ्या कोणाशी लग्न करायचं होतं, मिलिंद.” आमच्या हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी निळ्या सुटातला, हातात पुस्तक घेतलेला फोटो होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती पुढे म्हणाली, “यांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं. तू हिला मुकाट्यानं ऐकायला शिकवायला निघालास.” बाबा म्हणाले, “प्रश्न विचारते ती. उत्तर ऐकायला थांबत नाही.” ते खरंच होतं.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि त्यांचा चेहरा सदैव असा असायचा, की कुठलातरी प्रोग्रॅम चालू केलाय आणि तो मध्येच बंद पडणार आहे. रागीट नव्हते ते. माझ्यावर हात उगारलेला तर दूरच, आवाजही चढवलेला आठवत नाही. पण त्यांचं प्रेम काळजीच्या वाटेनंच बाहेर यायचं, आणि काळजी म्हटली की कपाळाला आठ्या पडणारच. त्यांचे वडील ते लहान असतानाच गेले. माझ्या आजीनं नागपुरात महानगरपालिकेच्या शाळेत शिकवून एकटीनं त्यांना वाढवलं. त्यामुळे बाबांच्या मनात एकच गोष्ट पक्की होती: मायला आता काहीही कमी पडू द्यायचं नाही. आजीला ते माय म्हणायचे. ती रिटायर झाल्यावर त्यांनी तिला आमच्याकडे आणलं, खालच्या मजल्यावरची उबदार खोली दिली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, घसरू नये म्हणून जिथे तिथे रबराच्या चटया अंथरल्या. सकाळी घरात पहिला आवाज व्हायचा तो आजीच्या ब्लडप्रेशरच्या मशीनचा. त्या घुरघुरीनं मला जाग यायची. मग बाबांचं “हं” ऐकू यायचं. त्या “हं”वरून आजीनं त्या दिवशी काय खायचं ते ठरायचं.

खाणं हे आजीचं खरं दुःख होतं. विदर्भातला गोळाभात ज्यांनी खाल्लाय त्यांना कळेल. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात वाफवायचे आणि ताटात वाढल्यावर वरून चरचरीत हिंगाची फोडणी सोडायची. फोडणी नसेल तर त्या गोळ्यांचा घास घशाखाली उतरत नाही. बाबांनी फोडणी बंद केली. मीठ निम्म्यावर आणलं. ठेचा तर घरातून हद्दपारच झाला. आजी गोळा कुस्करून पाहायची आणि म्हणायची, “हे काय हाय बाप्पा? रेती हाय का?” बाबा म्हणायचे, “तुझ्याच तब्येतीसाठी आहे, माय.” जन्मभर शाळेत शुद्ध भाषेत शिकवलेली माझी आजी घरात मात्र अस्सल नागपुरी बोलायची, आणि वैतागली की जास्तच. दुपारी ती खिडकीत बसायची आणि मी शाळेतून आले की रोजचा अहवाल द्यायची, “गाड्याच येऊन राहिल्या, गाड्याच जाऊन राहिल्या. माणूस काही दिसून नाही राहिला.”

एका रविवारी बुद्धवंदना झाली, मेणबत्ती विझवली आणि आजी म्हणाली, “मिलिंद, मले नागपूरले जायचं हाय. परत.”

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी विचारलं, “इथे तुला काय कमी पडलं?” आजी म्हणाली, “काहीच नाही.” बाबा म्हणाले, “मग?” आजी विझलेली मेणबत्ती उचलून ठेवायला लागली. त्यानंतर कितीतरी दिवस हाच संवाद घरात होत राहिला. काय कमी पडलं? काहीच नाही. मग? आई एकदा मध्ये पडली आणि म्हणाली, “अरे, प्रश्न तरी बदलून बघ.” पण बाबांना दुसरा प्रश्न सुचत नव्हता. त्यांनी बाथरूममध्ये आणखी एक दांडा बसवला.

चिनी शाळेत आमच्या लिन टीचर होत्या. बुटक्या, वर्गातही मफलर न काढणाऱ्या, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प व्हायची. इंग्लिश आणि चिनी मिसळून त्या शिकवायच्या, त्यामुळे मलाही कळायचं. त्या दिवशी धडा बाबांच्या आवडीचाच होता. कन्फ्यूशियसला त्याच्या शिष्यांनी विचारलं, आईवडिलांशी मुलांनी नीट वागायचं म्हणजे काय करायचं? टीचरनी आम्हालाच विचारलं. मेई म्हणाली, त्यांचं ऐकायचं. कोणी म्हणालं, त्यांची कामं करायची, त्यांना जेवायला घालायचं. टीचर नकारार्थी मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “जेवायला तर माणूस आपल्या कुत्र्याघोड्यांनाही घालतो. काम करणं, जेवण देणं हे सोपं आहे. गुरूंचं म्हणणं होतं की अवघड असतो तो चेहरा. कुठल्या चेहऱ्यानं करतोस, ते अवघड.” आणि त्यांनी करून दाखवलं. आधी आठ्या घालून माझ्यासमोर पेन्सिल ठेवली. मग तीच पेन्सिल हसून ठेवली. वर्ग खदखदून हसला. मी हसले नाही, कारण तो पहिला चेहरा मी ओळखला होता. पुढे त्यांनी हेही सांगितलं, की आईवडील चुकत असतील तर मुलांनी सांगायचं. पण हळू आवाजात. ऐकलं नाही तर मान कमी करायचा नाही, आणि सांगणंही सोडायचं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “काय शिकवलं आज?” मी सगळं सांगितलं. कुत्र्याघोड्यांचंही सांगितलं. चेहऱ्याचं सांगताना मी लिन टीचरसारख्या आठ्या घालून आजीसमोर पाण्याचा पेला ठेवला. मग आजी खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, “त्या चिनी गुरुजीले म्हणा, पार्सिपनीले या एक डाव. माझ्या लेकाचा चेहरा पाहा म्हणा.”

आई ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. हसू आवरल्यावर म्हणाली, “ते दुसरं मला आवडलं. हळू आवाजात आणि पुन्हा पुन्हा. मी लग्नापासून तेच करतेय.” बाबांनी घास खाली ठेवला. “मी तुला हे शिकायला पाठवतो?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “इट्स इन द सिलॅबस, बाबा.” ते उठले आणि ताट धुवायला घेऊन गेले. बराच वेळ नळ चालू होता. आजी हळूच म्हणाली, “लागलं त्याले. जास्त झालं का वं?”

आज मी स्वतः मॉरिसव्हिलला राहते, केस पांढरे झालेत, आणि बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. फोनवर त्यांच्या तब्येतीची चौकशी करताना माझा आवाज कसा होतो ते माझी मुलगी मला ऐकवते. “मॉम, यू साउंड लाइक अ डॉक्टर,” म्हणते. प्रेमात माणसाचा चेहरा असा का होतो, कोण जाणे. घाबरल्यामुळे होत असावा. बाबा तेव्हा घाबरलेले होते, हे मला फार उशिरा कळलं. माय एवढीच होती त्यांना, आणि ती हातातून निसटू नये म्हणून ते घरभर दांडे बसवत होते.

चिनी नवं वर्ष जवळ आलं. शाळेचा मोठा कार्यक्रम असायचा, आणि आमच्या वर्गानं एक जुनी गोष्ट नाटक म्हणून करायची ठरवली. गोष्ट अशी, की एक मुलगा होता. मुलगा म्हणजे सत्तर वर्षांचा म्हातारा. पण त्याचे आईवडील अजून हयात होते. आपण म्हातारे झालो हे त्यांना जाणवून वाईट वाटू नये म्हणून हा सत्तरीचा माणूस रंगीबेरंगी अंगरखा घालायचा, खुळखुळा वाजवत घरभर नाचायचा. पाणी आणताना मुद्दाम पडायचा आणि तान्ह्या बाळासारखं भोकाड पसरायचा. आईवडील हसायचे. बस, एवढीच गोष्ट. लिन टीचरची कल्पना अशी की आईवडील मुलांनी व्हायचं आणि सत्तरीचा मुलगा कुणाच्या तरी खऱ्या वडिलांनी. हान अंकल आनंदानं तयार झाले. मेई म्हातारा बाप झाली, तिला कापसाची दाढी होती. मी म्हातारी आई. मला कापसाचे केस आणि हातात काठी.

तालमी कॉरिडॉरच्या टोकाला चालायच्या. बाबा मला सोडून तिथेच लॅपटॉप उघडून बसायचे. ते बघत नाहीत असं मला वाटायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बर्फ पडला आणि फावडं मारताना हान अंकलची कंबर धरली. कार्यक्रमाच्या सकाळी ते पलंगावरून उठू शकत नव्हते. मेई रडवेली होऊन, धाकट्या भावाला घेऊन आमच्या गाडीत बसली. शाळेत पोचल्यावर लिन टीचरनी ऐकून घेतलं, एकदा कॉरिडॉरभर नजर फिरवली आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही सगळ्या तालमी बघितल्यात,” त्या म्हणाल्या.

“मी काम करत होतो,” बाबा म्हणाले.

“मागच्या शनिवारी मेई दाढी लावायला विसरली, तेव्हा तुम्ही तिला खूण केलीत.”

बाबा सापडले. त्यांनी ‘मला चिनी येत नाही’ म्हणून पाहिलं. टीचर म्हणाल्या, एकच शब्द आहे, ‘मामा’, त्याचा अर्थ आई. त्यांनी ‘मला नाचता येत नाही’ म्हणून पाहिलं. टीचर म्हणाल्या, तेच तर हवंय. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ते शिक्षिकेचे लेक होते. समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. थोड्या वेळानं ते लाल-पिवळ्या चकत्यांचा अंगरखा घालून विंगेत उभे होते. अंगरखा हान अंकलच्या मापाचा, त्यामुळे बाबांच्या पोटावर त्याचं बटण लागत नव्हतं. त्या कपड्यातही चेहरा ऑफिसचाच होता.

आजीला आईनं दुकानातून सुटल्यावर परस्पर आणलं होतं. दोघी पहिल्याच रांगेत होत्या. बाबा काम करणार आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. पडदा उघडला. मी आणि मेई खुर्च्यांवर कण्हत बसलो. ढोल वाजला आणि बाबा आले. खुळखुळा वाजवत, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. फायर ड्रिलच्या वेळी ऑफिसातले लोक चालतात तसे. प्रेक्षकांत हलकीशी खसखस पिकली. मी आजीकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून स्टेजकडे बघत होती. मग तिनं आईचा दंड धरला. ओळखलं तिनं.

बाबा बादल्या आणायला विंगेत गेले. बादल्यांत निळ्या कागदाचे कपटे असायचे. पण मेईच्या धाकट्या भावानं, खरं दिसावं म्हणून, नळाखाली बादल्या भरून ठेवल्या होत्या. बाबा त्या घेऊन आले, पाणी हिंदकळलं, स्टेजवर सांडलं, आणि ज्या ठिकाणी खोटं पडायचं होतं त्याच्या बरंच आधी बाबा खरे पडले. धाडकन. दोन्ही बादल्या उलट्या. सगळं सभागृह एकदम “आ” करून थांबलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वर्गाला गप्प करायची सवय असलेला तो आवाज आला:

“मिलिंद! लागलं का रे बाप्पा?”

आजी उभी राहिली होती. बाबा पाण्यात बसलेले, अंगरखा भिजलेला, खुळखुळा लांब जाऊन पडलेला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. आजीचा चेहरा घाबरा झाला होता. रोज सकाळी मशीनजवळ बसताना बाबांचा व्हायचा, अगदी तसाच. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड वासलं आणि असं भोकाड पसरलं की बस. “मामा” नाही, काही नाही. “मायऽऽ गं! मायऽऽ!” दोन्ही पाय आपटत. डोळे चोळत. खालचा ओठ बाहेर काढून. मी माझ्या बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. आईनंही पाहिलं नव्हतं. आजीनं मात्र पाहिलं असणार, नागपूरच्या घरात, फार पूर्वी. ती आधी थबकली. मग तिला कळलं. आणि मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, वाकून, आईच्या खांद्यावर हात आपटत हसायला लागली. तिला इतकं हसताना मी पार्सिपनीत प्रथमच बघत होते. सगळं सभागृह तिच्यामागे हसत होतं.

“चूप! रडू नको! ये इकडे!” ती ओरडली.

नाटकात त्यांनी माझ्याकडे यायचं होतं. मी कापसाचे केस सावरून हात पुढे केले होते. बाबा माझ्यावरून नजरही न फिरवता उठले, स्टेजच्या पायऱ्या उतरले, आणि ओल्या अंगरख्यानिशी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत राहिले. आजी त्यांच्या डोक्यावर थोपटत होती आणि हसत होती. दोघांपैकी कोण खरं रडत होतं ते मला वरून नीट दिसलं नाही. मेई दाढी धरून माझ्या कानात म्हणाली, “व्हॉट डू वी डू नाउ?” मी म्हटलं, “काहीच नाही.” आम्ही म्हातारा-म्हातारी स्टेजवर नुसते बसून राहिलो, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले.

नंतर खालच्या हॉलमध्ये डंपलिंग होती. पाण्याच्या वाफेनं काचा धूसर झालेल्या, आल्याचा आणि व्हिनेगरचा वास, पोरांची पळापळ. लिन टीचर आजीला भेटायला आल्या. दोघी शिक्षिका, एकीला मराठी आणि मोडकं इंग्लिश, दुसरीला चिनी आणि तसंच इंग्लिश. पण मुलांना गप्प कसं करायचं या विषयावर त्या खूप वेळ बोलल्या. आजीनं डंपलिंगसोबतची लाल मिरचीची चटणी चमचाभर घेतली. बाबांनी पाहिलं. बाबांनी वाटी तिच्याकडे आणखी सरकवली आणि म्हणाले, “आज घे.”

दुसऱ्या दिवशी रविवार. पोहे झाले होते, फोडणीचे. बाबा मशीन घेऊन आजीसमोर बसले, पट्टा बांधायला घेतला आणि मध्येच थांबले. म्हणाले, “माय, तुला तिकडे जाऊन काय करायचंय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न बदलला होता.

आजी जरा वेळ पोहे चिवडत राहिली. “तिथं रविवारी विहारात जातो आम्ही साऱ्याजणी,” ती म्हणाली. “मग बसतो, गप्पा मारतो. माझ्या शाळेतल्या पोरी आता आया झाल्या, बाजारात भेटल्या की ‘बाई’ म्हणून थांबतात. तिथं मी बाई हाय, शेजारीण हाय, कोणाची मैत्रीण हाय. इथं मी फक्त तुझी माय हाय.”

“फक्त?” बाबा म्हणाले.

“तेही काही कमी नाही रे. पण ते काम चोवीस तास नाही होत मले. आणि तू मले सकाळी सकाळी असा पाहतं, का मलेच वाटते, माझा काहीतरी रिपोर्ट आला.”

बाबा हसले. स्वतःवर हसले. मग त्यांनी मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, “तिकीट काढतो.”

“काढ,” आजी म्हणाली. “आणि यायचंही काढ. उन्हाळा मी तुमच्याकडे काढीन, नागपूरचं ऊन आता नाही सोसत. थंडीत मात्र मले इथं बोलावू नको. आणि गोळाभाताले फोडणी पाहिजे.”

“थोडी,” बाबा म्हणाले.

“बरं, थोडी.”

पुढे कितीतरी वर्षं ती अशीच येत-जात राहिली, आणि तिचं ब्लडप्रेशर, आई शपथेवर सांगते, तेव्हापासून सुधारलं. पण मला आठवतो तो पहिला निरोप. नुआर्क विमानतळावर बाबांनी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आजीनं तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि स्वतः शेजारून चालायला लागली. बाबांचं तोंड उघडलं, मग त्यांनी ते मिटलं. व्हीलचेअर ढकलणारी बाई, पिशवी आणि आजी अशा तिघी सिक्युरिटीच्या रांगेत शिरल्या. आजीनं त्या बाईला काहीतरी सांगायला सुरुवातही केली होती. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे. मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते चांगलं मोठं हसत होते.

“आर यू सॅड?” मी विचारलं.

“हो.”

“मग हसताय का?”

“अजून एकदा वळून बघेल ती,” बाबा म्हणाले, आणि तसेच हसत उभे राहिले. पार रांगेच्या टोकाशी गेल्यावर आजी वळली.